चौतीस इंचांचा यार्ड

शनिवारी सकाळी सव्वासहाला वेरोनिका सोप्कोच्या स्वयंपाकघरातील दिवा लागला. तिने कॉफी ठेवली, टेबलावरचा पावाचा चुरा ओल्या फडक्याने टिपून घेतला, तीन पेन्सिलींना टोके काढली आणि आदल्या संध्याकाळच्या सामन्याचे सात तक्ते डावीकडून उजवीकडे मांडले. डेल्विन हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाची आकडेवारी ती एकतीस वर्षे ठेवीत होती. एकतीस वर्षे क्रम हाच होता. प्रत्येक खेळाडूने चेंडू घेऊन धावलेले यार्ड उभे मिळवायचे, प्रत्येक खेळीचे यार्ड आडवे मिळवायचे, आणि दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय कॉफीला हात लावायचा नाही. बीजगणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर तिने पुष्कळ गोष्टी सोडल्या. ही सोडली नाही. त्या दिवशी पहिल्याच फेरीत बेरजा जुळल्या आणि कॉफी गरम असतानाच प्यायला मिळाली.

हंगामातला हा शेवटचा तक्ता होता. आयझाया प्रुइट, इयत्ता बारावी: दहा सामने, एक हजार नऊशे एकसष्ट यार्ड. तिने आकडा शाईने उतरवला आणि त्याच्या वरच्या ओळीकडे पाहिले. ती ओळ १९५६ सालापासून तिथे होती. सिरिल सोप्को: दहा सामने, दोन हजार तीन यार्ड.

बेचाळीस यार्ड कमी पडले होते. आदल्या संध्याकाळी सामना संपल्यावर ती आकडेवाल्यांच्या खोलीची शिडी उतरत असताना आयझाया खाली हेल्मेट काखेत धरून उभा होता.

"मॅडम, तिसऱ्या सत्रातली डावीकडची धाव. सहा धरलीत की सात?"

"सहा."

"मलाही सहाच वाटली," तो म्हणाला, आणि मान हलवून बसकडे गेला. विक्रम ज्याच्या हातून निसटला त्याने एका यार्डासाठी तरी हुज्जत घालायला हवी होती, असे तिला उगीचच वाटले. घातली असती तर तो मनात इतका राहिला नसता.

दोन हजार तीन हा डेल्विन गावात नुसता आकडा राहिला नव्हता. पोलादाचा कारखाना बंद पडला, दोन चर्चचे एक झाले, रेल्वे थांबेनाशी झाली. पण दोन हजार तीन शाबूत होता. तो पाण्याच्या टाकीवर रंगवलेला होता. वेरोनिकाचा धाकटा भाऊ बर्नी याच्या टायरच्या दुकानाच्या फोन नंबराचे शेवटचे चार अंक तेच होते, आणि ते मिळवण्यासाठी त्याने टेलिफोन कंपनीकडे अकरा महिने खेटे घातले होते. सन दोन हजार तीन उजाडले तेव्हा गावाने वर्षभर उत्सव केला. इतर जग ते वर्ष साधेपणाने कसे काय घालवते आहे, याचे डेल्विनकरांना नवल वाटले होते. लग्न जमवताना सोप्कोंच्या मुलांकडे लोक आजही जरा आदराने पाहत. वेरोनिकाचे लग्न जमले नाही, पण त्याचा दोष आकड्याला कोणी दिला नाही.

साडेनऊला ती वडिलांकडे गेली. सिरिल पंच्याऐंशी वर्षांचा होता आणि एकटा राहत होता. तिने त्याच्या डोळ्यांत रोजचे थेंब घातले, त्याने रोजच्यासारखी कुरकुर केली. तेवढ्यात बर्नीचा फोन आला.

"ताई, सुताराला साखळीची लांबी हवी आहे. काचेच्या कपाटासाठी. तीस फूट सांगून टाक."

"मोजली आहेस?"

"दहा यार्डांची साखळी आहे. दहा यार्ड म्हणजे तीस फूट. त्यात मोजायचं काय?"

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकला तरच चेंडू तुमच्याकडे राहतो, आणि सरकला की नाही हे बाजूच्या रेषेवर दोन माणसे साखळी ताणून ठरवतात. साखळी यजमान संघाने आणायची, असा रिवाज. डेल्विनची साखळी वेरोनिकाच्या आजोबांनी, माटुश सोप्को यांनी, १९३२ साली कारखान्याच्या भट्टीवर कडी कडी जोडून घडवली होती. ती आता बर्नीच्या जेवणघरात भिंतीवर चार वळशांत टांगलेली होती. डिसेंबरात ती शाळेच्या दर्शनी दालनात, सिरिलच्या फोटोखाली जायची होती. नगराध्यक्ष येणार होते आणि दीडशे निमंत्रणे छापून झाली होती.

बर्नी दुकानात होता. त्याची बायको लॉरेन हिने साखळी उतरवायला मदत केली. दोघींनी ती घरासमोरच्या सिमेंटवर सरळ अंथरली आणि वेरोनिकाने टेप लावली.

"अठ्ठावीस फूट चार इंच," ती म्हणाली.

"कुठेतरी गुंता असेल."

गुंता नव्हता. तिने तीनदा मोजले.

"लोखंड थंडीत आकसतं म्हणतात," लॉरेन म्हणाली.

"वीस इंच?"

लॉरेनने साखळीकडे पाहिले. ती मूळची ओहायोची, तीस वर्षे डेल्विनमध्ये सून होती, आणि सोप्कोंच्या घरातली वस्तू सोप्कोंच्या म्हणण्यापेक्षा लहान निघाल्याचा हा तिच्या आयुष्यातला पहिला प्रसंग नव्हता. तिने फक्त विचारले, "आता?"

"आता मैदान."

जुने मैदान कारखान्याच्या मागे, रेल्वेचा बांध आणि नदीची भिंत यांच्या मध्ये होते. १९६९ साली शाळा टेकडीवर गेली आणि इथे गवत माजले. पण गोलरेषांच्या चार कोपऱ्यांत माटुशने ओतीव लोखंडाच्या पट्ट्या सिमेंटात बसवल्या होत्या आणि त्या जागच्या हलल्या नव्हत्या. लॉरेनने टेपचे टोक धरले. वेरोनिका काटेरी झुडपांतून वाट काढीत दुसऱ्या पट्टीपर्यंत गेली. तीनशे फूट भरायला हवे होते. भरले दोनशे त्र्याऐंशी फूट चार इंच.

घरी येऊन तिने भागाकार केला. शंभर यार्ड होते हे खरे. फक्त प्रत्येक यार्ड छत्तीसऐवजी चौतीस इंचांचा होता. मैदान आणि साखळी एकमेकांशी तंतोतंत जुळणारी होती. ही चूक नव्हती. चूक इतकी नीटनेटकी नसते.

मग तिने १९५६ चे तक्ते काढले. घरच्या मैदानावर सहा सामने, तेराशे दहा यार्ड. बाहेर चार सामने, सहाशे त्र्याण्णव. तेराशे दहाचे खरे यार्ड होत होते बाराशे सदतीस. एकूण एक हजार नऊशे तीस. पुऱ्या मापाच्या मैदानांवर धावलेला आयझाया प्रुइट एकतीस यार्डांनी पुढे होता.

राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने त्या वर्षी सगळ्या शाळांकडून जुने विक्रम नव्याने मागवले होते. फॉर्म दोन पानी होता. तीस नोव्हेंबरच्या आत टपालात पडायला हवा होता आणि खाली शाळेच्या आकडेवाल्याची सही हवी होती. सहावा प्रश्न असा होता: "विक्रम ज्या मैदानांवर झाला ती नियमाप्रमाणे होती काय? होय / नाही." वेरोनिकाने पेन्सिल उचलली, ठेवली, आणि फॉर्म साखरेच्या डब्याखाली सरकवला. एकतीस वर्षांत एखादा आकडा भरायचा बाकी ठेवून ती प्रथमच झोपायला गेली.

*

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आभारदिनाच्या, गुरुवारी सगळे दुपारी एकला बर्नीकडे जमले. सगळे म्हणजे सहा जण: टेबलाच्या डोक्याला सिरिल, शेजारी त्याची धाकटी बहीण ओल्गा, ऐंशी वर्षांची, काठी आणि मत दोन्ही हाताशी ठेवणारी, मग बर्नी, लॉरेन, पिट्सबर्गच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकणारी त्यांची मुलगी टेस, आणि वेरोनिका. मध्ये टर्की, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी, बटाटे, आणि ओल्गाने आणलेल्या पिरोही, म्हणजे उकडलेल्या करंज्या; त्या नसत्या तर स्लोव्हाक माणसाने टर्की गिळायची कशी, असा तिचा दरवर्षीचा सवाल असे. प्रार्थना झाली. बर्नीने सुरी परजली.

"ताई, फॉर्म गेला ना?"

"नाही."

"अगं, शनिवार शेवटचा दिवस आहे!"

"एक प्रश्न अडलाय. मैदानाचा."

लॉरेनने बटाट्यांकडे पाहिले.

"मैदानाला काय धाड भरलीय?" बर्नीने विचारले.

"सोळा फूट आठ इंच कमी आहे."

सुरी टर्कीच्या मांडीत थांबली. "कोण म्हणतं?"

"टेप."

"कुणाची टेप?"

"शाळेची."

"आणि ती टेप कुणी तपासली? सरकारी पट्टीशी ताडून पाहिलीस? ओलीबिली झाली असेल, ताणली गेली असेल."

"टेप ताणली गेली असती तर साखळीपुरतीच ताणली नसती, बर्नी. तुझ्या भिंतीवरची साखळीही वीस इंच कमी आहे."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. साखळी पुन्हा चार वळशांत टांगलेली होती आणि कोणाच्याही नजरेत भरण्याइतकी आखूड दिसत नव्हती. वेरोनिकाने शांतपणे सगळे सांगितले: चौतीस इंच, एक हजार नऊशे तीस, एकतीस यार्डांनी मागे. सांगताना ती वडिलांकडे पाहत नव्हती. तिला ऐकू येत होते ते त्याच्या काट्याचे बशीवर वाजणे, आणि ते थांबले नव्हते.

बर्नी बायकोकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"मी फक्त टोक धरलं होतं," लॉरेन म्हणाली.

ओल्गा हसू लागली. हसता हसता तिला ठसका लागला, टेसने पाणी दिले.

"मोजलंस एकदाचं! मला वाटलंच होतं, या घरात कुणीतरी नको इतकं शिकेल आणि हे होईल."

"आत्या, म्हणजे तुला ठाऊक होतं?" वेरोनिकाने विचारले.

"माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आमच्याकडे ती जेवताना सांगायचे. दोन्ही टोकांच्या जागेसकट एकशेवीस यार्ड हवे होते, आणि बांधापासून नदीपर्यंत भरत होते एकशेतेरा. चर्चच्या तळघरात पाच जणांची कमिटी बसली. बांध हलवा म्हटलं तर कंपनी नाही म्हणाली. नदी हलवण्यासाठी पाद्रीबाबांनी प्रार्थना सुचवली, पण सामना तीन आठवड्यांवर होता. मग आमचे वडील उठले. म्हणाले, जागा कंपनीची, नदी देवाची. आपल्या हातातला असा फक्त यार्डच आहे. पाचही हात वर गेले. लिहून मात्र कुणी ठेवलं नाही."

"आणि बाहेरून येणारे संघ? त्यांना कळलं नाही?" टेसने विचारले.

"त्यांना वाटायचं, डेल्विनमध्ये आपली पोरं काय झकास धावतात! खूश होऊन जायचे बापडे. ग्रीअरटनचा प्रशिक्षक तर म्हणायचा, इथली हवा पोरांना मानवते. इथली हवा! भट्ट्यांच्या धुरात शेजारचं घर दिसायचं नाही."

बर्नीने सुरी खाली ठेवली. तो टायर विकणारा माणूस होता आणि गिऱ्हाईक दारापर्यंत गेले तरी ते हातचे गेले असे कधी मानत नसे.

"हे बघ. एकोणीसशे बारा साली या लोकांनीच मैदान एकशेदहाचं शंभर केलं. इतिहास आहे. कुणी रडलं तेव्हा?"

"तेव्हा मैदान कापलं, डॅड," टेस म्हणाली. "यार्ड नाही कापला."

"बरं. आणि त्याच्या आधी पुढे चेंडू फेकायला बंदी होती, मग एकोणीसशे सहापासून चालायला लागलं. टचडाउनचे गुण पाचाचे सहा झाले. म्हणजे हा खेळ असाच आहे! दर दहा वर्षांनी नियम बदलतात. आजोबांनी एक बदलला, तर आभाळ कोसळलं?"

"बदल सगळ्यांना कळवून करतात," वेरोनिका म्हणाली.

"प्रश्न काय आहे फॉर्मवर? नियमाप्रमाणे होतं का. नियम काय म्हणतो? शंभर यार्ड. जा, रेघा मोज. शंभर होते. एक कमी निघाला तर मी टर्की हाडांसकट खातो. यार्ड किती इंचांचा, हे त्यांनी विचारलंय का? नाही. न विचारलेलं सांगत सुटायला आपलं काय अडलंय?"

ते वाक्य वकिलाचे वाटत होते. लॉरेन तेवढ्यात बाजू बदलून मोकळी झाली.

"ताई, मी तुमच्याबरोबर काट्यांत उभी राहिले, पण मला वाटलं होतं तुम्ही फक्त मोजताय. दीडशे निमंत्रणं गेली आहेत. नगराध्यक्षांना मी काय सांगू? की या, पण सोळा फूट आठ इंच कमी या?"

"टेस, तू सांग. तू शिकतेयस ना हे?" बर्नी म्हणाला.

"आत्याचं बरोबर आहे." मग टेसने काटा खाली ठेवून कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे, अगदी काटेकोर बोलायचं तर १,९३० असा एकच आकडा नाही सांगता येणार. त्या वेळी प्रत्येक धाव पूर्ण यार्डात मांडलेली. दोनशे धावा धरल्या तर दहाएक यार्ड इकडे तिकडे..."

"बघ!" बर्नीने टेबलावर थाप मारली. चटणी हलली. "शिकलेल्यांनाच खात्री नाही! दहा इकडे, दहा तिकडे. मग अंधारात बाण मारून आपल्या बापाला खाली ओढायचं?"

"डॅड, हवं तितकं ताणा. दहा काय, वीस ताणा. १,९६१ ला पोचत नाही."

"तू कुणाची मुलगी आहेस गं?"

"तुमचीच. म्हणून वीस ताणले."

ओल्गाने पिरोहीचे भांडे पुढे सरकवले. "माझं मत कुणी विचारू नका. ऐंशी वर्षं गप्प बसले, आता ऐन टर्कीवर कशाला बोलू? सिरिल म्हणेल ते."

आणि मग सगळे सिरिलकडे पाहू लागले. त्याने ताटातले संपवले होते. सुरी आणि काटा शेजारी शेजारी लावून त्याने हातरुमालाने तोंड पुसले.

"दहा वर्षांचा होतो तेव्हापासून मी चुना मारायला वडिलांबरोबर जात असे," तो म्हणाला. "त्यांनी लाकडाची पट्टी केली होती. चौतीस इंचांची. मी एकदा विचारलं, शाळेतली पट्टी छत्तीसची का? म्हणाले, ती शाळेची आहे." तो थोडा हसला. "मला माहीत होतं. बाहेरच्या मैदानांवर शेवटची रेघ यायचीच नाही. वाटायचं, आज पाय जड आहेत. मग आठवायचं, पाय नाही, रेघ लांब आहे. तिथेही मी सहाशे त्र्याण्णव धावलो, पण. ते खरे होते."

"ते खरेच आहेत, पपा," वेरोनिका म्हणाली.

"आणि पत्रकार आले, तक्ता दाखवला, टाकीवर रंग लागला. तेव्हा बोलायला हवं होतं. सतरा वर्षांचा होतो. मग अठरा वर्षांचा झालो, आणि बोलणं जास्तच अवघड झालं. दरवर्षी जास्त."

बर्नीने खाली पाहिले. त्याच्या फोन नंबराचा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत होती. दोन्ही एकदम दिसणे शक्य असते, हे वेरोनिकाच्या तेव्हा लक्षात आले.

"रॉनी," सिरिल म्हणाला. लहानपणीचे नाव तो फारसे वापरत नसे. "मी पंच्याऐंशीचा आहे. दोन वर्षं, फार तर तीन. मग पाठव. चूक दुरुस्त कर, छत्तीसाची कर, काय हवं ते कर. मी नसेन. पोरगा सतरा वर्षांचा आहे. त्याच्यापाशी वेळ आहे."

बाकी सगळ्या युक्तिवादांना तिच्याकडे उत्तर होते. या एकाला नव्हते. आणि बर्नीला ते कळले.

"झालं तर मग," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मिटलं. कुणाचं नुकसान नाही."

वेरोनिकाने ताटातल्या टर्कीच्या तुकड्याचे आणखी दोन तुकडे केले. "पपा, तुमचं नाव शाळेच्या भिंतीवर लागलं तेव्हा तुम्ही सतरा वर्षांचे होता. विसाव्या वर्षी लागलं असतं तर?"

"विसाव्या वर्षी मी भट्टीवर होतो. रात्रपाळी. शाळेची भिंत बघायला जातंय कोण?"

बोलून झाल्यावर तो थांबला. स्वतःचेच वाक्य त्याला उशिरा ऐकू आल्यासारखे.  लॉरेन उठून भोपळ्याचा गोडाचा पदार्थ आणायला गेली, आणि गरजेपेक्षा बराच वेळ आतच राहिली. पलीकडच्या खोलीत टीव्हीवर डेट्रॉइटचा सामना सुरू झाला होता. निवेदक अतिशय आत्मविश्वासाने कोणाच्या तरी कारकिर्दीतले यार्ड सांगत होता.

*

शुक्रवारी सकाळी वेरोनिकाने साखरेचा डबा बाजूला केला. सहाव्या प्रश्नापुढे तिने "नाही" वर खूण केली, आणि जोडपत्रात चार ओळी लिहिल्या: मैदानाची लांबी, साखळीची लांबी, यार्डाचे माप, मोजल्याची तारीख. कारण लिहायला जागा होती. ती तिने कोरी ठेवली. कमिटीतले पाचही जण मेले होते आणि त्यांच्या वतीने बोलायचा हक्क आपला नाही, असे तिला वाटले. सिरिल सोप्को, १,९३०. त्याखाली आयझाया प्रुइट, १,९६१. सही केली. आडव्या-उभ्या बेरजा पुन्हा एकदा करून पाहिल्या. मैदानाचा नकाशा तिने पुठ्ठ्यावर काढला होता, तोही पाकिटात घातला आणि वर एक तिकीट लावले.

टपाल कचेरी वाटेवरच होती. ती तिथे थांबली नाही. साडेनऊला ती वडिलांच्या घरापाशी गाडीतून उतरली, फाटकाजवळच्या खांबावरची टपालपेटी उघडून पाकीट आत ठेवले आणि पेटीच्या बाजूची लाल झेंडी वर केली. झेंडी दिसली की पोस्टमन थांबतो आणि आतले पत्र घेऊन जातो. असे आपण का केले, हे तिला सांगता आले नसते. पाठवायचे हे ठरले होते; वडिलांच्या पाठीमागे पाठवायचे नव्हते, एवढेच.

सिरिल स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसला होता. तिने थेंब घातले. त्याने कुरकुर केली नाही. डोळे मिटून तो मिनिटभर मान मागे टाकून राहिला, मग रुमालाने कडा टिपल्या आणि खिडकीबाहेर पाहिले. झेंडी त्याला दिसत असणार. लांबचे त्याला अजून चांगले दिसे.

"किती आले?" त्याने विचारले. "काल नीट ऐकलं नाही."

"एक हजार नऊशे तीस."

"बाहेरचे सहाशे त्र्याण्णव धरून?"

"धरून."

त्याने ओठ हलवून काहीतरी मिळवून पाहिले. "मुलगा कसा आहे धावायला?"

"डावीकडे कमी, उजवीकडे फार चांगला. एका यार्डासाठी खोटं बोलत नाही."

"हं."

तो उठला. खुंटीवरचा कोट घातला, टोपी घातली आणि काठी न घेता बाहेर गेला. वेरोनिका सिंकपाशी उभी राहिली. त्याचा कॉफीचा पेला तिने धुतला, मग स्वच्छ असलेला दुसरा पेलाही धुतला. खिडकीतून तो पेटीपर्यंत जाताना दिसत होता. आधी उतार, मग बर्फाचा पातळ पापुद्रा, मग खांब. त्याने झेंडी खाली केली, पाकीट बाहेर काढले आणि ते घेऊन परत निघाला. ती हलली नाही. पाकीट त्याच्या हाती पडेल अशा जागी तिनेच ठेवले होते. आता त्याला अडवण्यात अर्थ नव्हता. सोमवारी नवा फॉर्म मागवता येणार नव्हता, हेही तिला ठाऊक होते.

तो आत आला. बसला नाही. पाकीट उजव्या तळहातावर ठेवून त्याने हात दोनदा वरखाली केला. कारखान्यात चाळीस वर्षे तो वजने नुसत्या हाताने सांगत असे.

"आत काय आहे?"

"फॉर्म. जोडपत्र. आणि मैदानाचा नकाशा, पुठ्ठ्यावर."

"एका तिकिटावर जायचं नाही हे. परत येईल."

त्याने टेबलाचा खण ओढला, चष्म्याच्या डब्याखालून तिकिटांची पट्टी काढली, एक सोलले, पहिल्याच्या शेजारी कडेला कड लावून चिकटवले, आणि अंगठ्याने चारही कोपरे दाबले. मग पाकीट घेऊन तो पुन्हा उतारावरून गेला, या वेळी जरा सावकाश, आणि पेटीत ठेवून त्याने झेंडी वर केली.